चिपयंत्रांच्या धंद्यातली पुढची तेजी आधी कशी हेरायची

२०२२ च्या डिसेंबरात सेमी या उद्योगसंघटनेने अंदाज दिला की २०२३ मध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांची जागतिक विक्री १६ टक्क्यांनी घसरून ९१.२ अब्ज डॉलरवर येईल. पुढच्या वर्षाच्या मध्यावर त्यांनी आकडा आणखी खाली ओढला, ८७.४ अब्ज. त्याच वर्षीचा डिसेंबर उजाडेपर्यंत अंदाज १०० अब्जांवर गेला. आणि हिशेब पूर्ण झाल्यावर निघाले १०६.३ अब्ज, म्हणजे आदल्या वर्षीच्या १०७.६ अब्जांपेक्षा जेमतेम सव्वा टक्का कमी. यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचे आकडे ज्यांच्या टेबलावर थेट येऊन पडतात, त्यांची ही गत.

टर उडवायला हे सांगत नाही. त्या वर्षी मीही त्याच बाजूला होतो. चिपची विक्री पडतेय, मेमरीवाले खर्चाला कात्री लावतायत, मग यंत्रं घेणार कोण, असा माझा साधा हिशेब होता. तो कुठे फसला ते पुढे येईल. तेव्हापासून एक गोष्ट मी सोडून दिली: तेजी किती अब्जांची असेल हे सांगायच्या फंदात पडायचं नाही. वळण साधारण कधी येतंय आणि कोणत्या गिऱ्हाइकाकडून येतंय, हे मात्र बऱ्यापैकी आधी कळू शकतं. हा लेख त्यासाठी आहे. लागेल ते सगळं फुकट मिळतं. एक स्प्रेडशीट आणि महिन्यातले चार-पाच तास काढावे लागतील.

## पायरी १: कोणतं वळण शोधताय ते ठरवा

'तेजी आली' हे वाक्य चार जण चार वेगवेगळ्या वेळी म्हणतात. शेअर बाजार सगळ्यांत आधी, मग ऑर्डर घेणारा विक्री विभाग, मग बिलं फाडणारा हिशेब विभाग, आणि सगळ्यांच्या शेवटी वार्षिक अहवाल.

२००८-०९ घ्या. फिलाडेल्फिया सेमीकंडक्टर निर्देशांकाने (चिप कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक) तळ गाठला २००८ च्या नोव्हेंबरात. यंत्रांच्या ऑर्डर तळाला होत्या २००९ च्या सुरुवातीला. नव्या ऑर्डर बिलिंगच्या वर गेल्या त्या वर्षाच्या मध्यावर. वार्षिक आकड्यांत मात्र २००९ हे १५.९ अब्ज डॉलरचं भयाण वर्ष दिसतं आणि २०१० एकदम ३९.५ अब्जांचं. वार्षिक आकडे बघून ज्याने तेजी ओळखली, त्याचं वरातीमागून घोडं.

मी ऑर्डरचं वळण धरतो. शेअरच्या भावात दुसऱ्यांचे अंदाज आधीच मिसळलेले असतात, आणि बिलिंग म्हणजे काही महिन्यांपूर्वीची बातमी. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं वळणही वेगळं असेल. सुटे भाग पुरवणाऱ्याला डिलिव्हरीचं वळण हवं, नोकरभरती करणाऱ्याला बिलिंगचं. काय ते एकदा ठरवा आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी आपलं बरोबर आलं असं स्वतःला पटवायला चारपैकी सोयीचं वळण उचललं जातं.

## पायरी २: साखळी पाठ करा

मंदीतून बाहेर येताना घटना एका ठरावीक क्रमाने घडतात. चिप बनवणारे उत्पादन कापतात. साठा उतरू लागतो. भावाची घसरण मंदावते, मग थांबते. रिकामी बसलेली यंत्रं पुन्हा सुरू होतात. हातात रोख येते. भांडवली खर्चाचा आकडा वाढवला जातो. नव्या यंत्रांच्या ऑर्डरी जातात. यंत्रं येतात, बसतात, मग बिल.

ऑर्डर दिल्यापासून यंत्र दारात यायला काही महिने लागतात, टंचाईच्या काळात वर्षाहूनही जास्त. या धंद्यातला सगळा चढउतार याच विलंबातून येतो. टंचाई असते तेव्हा सगळे एकाच वेळी ऑर्डर देतात, आणि यंत्रं पोहोचतात तेव्हा टंचाई ओसरलेली असते.

वापरायचा नियम असा: आधीची कडी हललेली नसताना पुढच्या कडीची बातमी आली, तर संशय घ्या. साठा चढताच आहे आणि कुणी भांडवली खर्च वाढवतोय, तर मागणीखेरीज दुसरं काही कारण आहे. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी ३: एक गुणोत्तर काढून ठेवा

यंत्रांची वर्षाची विक्री भागिले चिपची वर्षाची विक्री. यंत्रांचा आकडा सेमी देते, चिपचा डब्ल्यूएसटीएस गोळा करते आणि अमेरिकेची एसआयए ही संघटना जाहीर करते.

२००० साली हे गुणोत्तर २३ टक्क्यांच्या आसपास होतं. पुढच्याच वर्षी चिपची विक्री जवळपास एक-तृतीयांशाने कोसळली. २००९ मध्ये ते ७ टक्क्यांवर आलं, म्हणजे झिजलेली यंत्रं बदलायलाही पैसा सुटत नव्हता, आणि पुढच्या वर्षी यंत्रांची विक्री अडीच पट झाली. २०१८ मध्ये ६४.५ भागिले ४६८.८, साधारण १४ टक्के. २०२१ मध्ये १०२.६ भागिले ५५५.९, साडेअठरा. २०२३ मध्ये वीसच्या किंचित वर. २०२४ मध्ये ११७.१ भागिले ६२७.६, पुन्हा पावणेएकोणीस.

तात्पर्य काढताना सावध. पूर्वी १४ टक्के म्हणजे बरं वर्ष होतं, आता १८ टक्केही नेहमीचं वाटतं. ईयूव्हीसारखी (चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारी) महाग यंत्रं आली, एका वेफरवरच्या (चिप ज्यावर बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या) प्रक्रियांची संख्या वाढली, आणि शेजाऱ्याकडे आहे तर आपल्याही देशात फॅब (चिपचा कारखाना) हवी म्हणून सरकारं पैसे ओततायत. त्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांच्याच पट्ट्यात तुलना करा. आणि याला घड्याळ समजू नका. स्प्रिंग किती दाबली गेली आहे एवढंच ते सांगतं. सुटेल कधी, ते सांगत नाही.

## पायरी ४: गिऱ्हाइकं तीन रकान्यांत वेगळी करा

मी फसलो ते इथे. माझ्या स्प्रेडशीटमध्ये 'एकूण मागणी' असा एकच रकाना होता. प्रत्यक्षात गिऱ्हाइकं तीन जातींची आहेत: मेमरीवाले, प्रगत लॉजिक (प्रोसेसरसारख्या चिप) आणि फाउंड्रीवाले (दुसऱ्यांच्या डिझाइनवरून चिप बनवून देणारे), आणि चीनमधले, मुख्यतः जुन्या पिढीच्या चिप बनवणारे.

२०२३ मध्ये पहिले ढेपाळले, दुसऱ्यांनी हात आखडला आणि तिसऱ्यांनी झोळी भरून यंत्रं घेतली. अमेरिकेचे निर्यातनिर्बंध ७ ऑक्टोबर २०२२ ला आले, जपानचे २०२३ च्या जुलैत, नेदरलँड्सचे सप्टेंबरपासून. दार बंद होणार हे दिसत असताना जे मिळेल ते उचलण्याची घाई होती. त्या वर्षी चीनची खरेदी ३६.६ अब्ज डॉलर झाली, जगातल्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. २०२४ मध्ये ४९.६ अब्ज.

ही खरेदी पायरी २ मधली साखळी पाळत नाही. तिला साठ्याची फिकीर नाही, भावाची तर नाहीच. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत एसएमआयसी या चिनी फाउंड्रीच्या क्षमतेचा वापर ६८ टक्क्यांवर होता. तरी त्या वर्षी कंपनीने भांडवली खर्च वाढवला. म्हणून प्रत्येक यंत्र कंपनीच्या तिमाही निकालातला देशवार विक्रीचा तक्ता उघडा, चीनचा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्या आकड्याची रेघ वेगळी ओढा. अप्लाइड मटेरियल्स, एएसएमएल, लॅम रिसर्च, टोकियो इलेक्ट्रॉन आणि केएलए, या पाचांवर काम भागतं. एकूण रेघ सपाट आणि चीन वगळून रेघ वर वळलेली, असं दिसलं तर कान टवकारा. एकूण रेघेत ते वळण झाकलेलं राहतं.

## पायरी ५: मेमरीचा साठा आणि भाव

चक्र सगळ्यांत नागडं दिसतं ते मेमरीत, म्हणून इथे वेळ द्या.

साठा डॉलरमध्ये बघू नका, दिवसांत बघा. तिमाहीअखेरचा साठा भागिले त्या तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च, गुणिले ९१. समजा एका कंपनीचा साठा ८ अब्ज आणि विकलेल्या मालाचा खर्च ४.५ अब्ज, झाले १६२ दिवस. पुढच्या तिमाहीत साठा ८.२ अब्ज, खर्च ५.३ अब्ज, झाले १४१ दिवस. बातमीचा मथळा येईल 'साठा आणखी वाढला'. प्रत्यक्षात माल आधीपेक्षा भराभर हलतोय. सलग दोन तिमाही दिवस घटले की मी या ओळीपुढे खूण करतो.

एक खोड मात्र लक्षात ठेवा. भाव कोसळल्यावर कंपन्या साठ्याची किंमतच पुस्तकात कमी करतात. मायक्रॉन या अमेरिकी मेमरी कंपनीने २०२३ मध्ये एकाच तिमाहीत १.४३ अब्ज डॉलर असे उतरवले. एकही पेटी गोदामाबाहेर न जाता दिवस घटतात. निकालाच्या टिपांमध्ये ही रक्कम दिलेली असते. ती परत मिळवून दिवस पुन्हा काढा.

भावाचे दोन प्रकार: स्पॉट (खुल्या बाजारातला त्या दिवसाचा) आणि करार (गिऱ्हाइकाशी आधी ठरलेला). बहुतेक माल कराराने विकला जातो, पण आधी हलतो तो स्पॉट. ट्रेंडफोर्स या बाजारसंशोधन संस्थेचे आकडे बातम्यांतून मिळतात. बघायचं ते असं: स्पॉटची घसरण मंदावली का, स्पॉट करारभावाच्या वर गेला का, आणि करारभाव वळला का. पहिल्याला मी फारसा भाव देत नाही, दुसऱ्याला देतो.

आता गेल्या वळणाची खरी तारीखवारी. २०२२ च्या सप्टेंबरात मायक्रॉनने खर्चकपात सांगितली. ऑक्टोबरात कोरियाच्या एसके हायनिक्सने पुढच्या वर्षीची गुंतवणूक निम्म्याहून कमी करू म्हटलं. सॅमसंग मात्र अडून बसली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिनेही उत्पादनकपात मान्य केली. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत डीरॅमचे (संगणकाच्या चालू कामाला लागणाऱ्या मेमरीचे) करारभाव वर वळले. नोव्हेंबरात दक्षिण कोरियाची चिपनिर्यात १६ महिन्यांत पहिल्यांदा वाढली, १२.९ टक्क्यांनी. त्याच तिमाहीत एसके हायनिक्स कामकाजी (ऑपरेटिंग) नफ्यात परतली.

यातली कोणती तारीख सोन्याची? माझ्या मते एप्रिलची. अडून बसलेला शेवटचा खेळाडू वाकतो, तेव्हा पुरवठा खरोखर आटायला लागतो. तिथून भाव वळायला दोन-तीन तिमाही लागल्या.

आणि भाव वळला म्हणजे लगेच यंत्रं विकली जातील असंही नाही. आधी बंद ठेवलेली यंत्रं सुरू होतात. त्यांत नव्या ऑर्डरचा संबंध नसतो. अपवाद नव्या तंत्राचा. एआयसाठी लागणाऱ्या एचबीएम मेमरीला थर एकमेकांवर रचायची, जोडायची आणि तपासायची वेगळी यंत्रं लागतात, त्यामुळे नँडचे (माहिती साठवून ठेवणाऱ्या मेमरीचे) कारखाने अर्धवट चालू असतानाही तिकडच्या ऑर्डरी सुरू झाल्या. म्हणून मेमरीच्या रकान्यातही डीरॅम आणि नँड वेगळे ठेवा. नँड बहुधा मागाहून येतं.

## पायरी ६: फाउंड्रीचा आकडा, आणि तो कुठल्या दिशेने हलला

तैवानची टीएसएमसी ही फाउंड्री दर जानेवारीत वर्षाच्या भांडवली खर्चाचा पट्टा सांगते आणि एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या निकालांत तो राखते किंवा हलवते. पट्टा किती मोठा आहे याला मी कमी महत्त्व देतो. हलला का आणि कुठे, ते बघतो.

२०१९ चा ऑक्टोबर आठवा. जगभरची चिपविक्री त्या वर्षी १२ टक्क्यांनी घटत होती, सगळीकडे रडगाणं चालू होतं, आणि टीएसएमसीने त्याच वर्षाचा खर्च १०-११ अब्जांवरून १४-१५ अब्ज डॉलर केला. वर्ष संपायला तीन महिने उरले असताना. पुढच्या वर्षी यंत्रांची विक्री १९ टक्क्यांनी वाढून ७१.२ अब्ज झाली. उलट २०२२ मध्ये जानेवारीत ४० ते ४४ अब्ज, जुलैत 'खालच्या टोकाजवळ' आणि ऑक्टोबरात ३६ अब्ज. जुलैचे ते दोन शब्दच इशारा होते.

जुन्या पिढीच्या चिपसाठी तैवानची यूएमसी आणि एसएमआयसी यांचे क्षमतावापराचे तिमाही आकडे बघा. शंभरातली तीस यंत्रं बसून आहेत तोवर नवं कुणी घेत नाही, सरकारी पाठबळ असल्याखेरीज. माझा ढोबळ नियम: वापर ८५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय नव्या ऑर्डरींची आशा धरायची नाही.

## पायरी ७: ऑर्डरचे आकडे, आणि त्यातले खड्डे

जुन्या लोकांना बुक-टु-बिल गुणोत्तर पाठ असायचं: नव्या ऑर्डर भागिले बिलिंग. एकाच्या वर गेलं की पेढे. सेमी उत्तर अमेरिकी कंपन्यांसाठी ते दर महिन्याला द्यायची. २०१६ च्या आकड्यांनंतर बंद केलं. तरी कंपन्यांच्या निकालांतून ते आजही काढता येतं, म्हणून त्यातली फसगत समजून घ्या.

जानेवारीत ऑर्डर ६०, बिलिंग १००: गुणोत्तर ०.६. एप्रिलमध्ये ऑर्डर ६०, बिलिंग ७५: ०.८. जुलैत ऑर्डर ६०, बिलिंग ६०: १. आलेख झकास वर गेला. ऑर्डर मात्र तसूभर हलली नाही. जुन्या ऑर्डरी संपत आल्याने बिलिंग खाली आलं, एवढंच. म्हणून अंश आणि छेद नेहमी वेगळे मांडा.

दुसरा खड्डा माझाच. संघटनांचे मासिक आकडे बरेचदा तीन महिन्यांची सरासरी असतात. एकदा मी अशी सरासरी एका कंपनीच्या सुट्या महिन्याशेजारी ठेवून दोन आठवडे 'वळण आलं' म्हणत फिरलो. स्तंभाच्या मथळ्यातच 'सरासरी' की 'सुटा' हे लिहून टाका.

तिसरा खड्डा, एका मोठ्या यंत्रामुळे आकडा उड्या मारतो. एएसएमएलच्या नव्या ऑर्डरी २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीत २.६ अब्ज युरो, चौथीत ९.२ अब्ज, पुढच्या तिमाहीत ३.६ अब्ज. २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत पुन्हा २.६ अब्ज आले आणि शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के पडला, चौथीत ७.१ अब्ज आले. चार तिमाह्यांची बेरीज मांडली तर २०२३ चे २० अब्ज आणि २०२४ चे १८.९ अब्ज. एवढ्या फरकासाठी कुणी छाती बडवून घेत नाही. २०२६ पासून दर तिमाहीला हा आकडा द्यायचा नाही असं कंपनीने ठरवलं आहे, त्यामुळे बाजूच्या वाटा माहीत हव्यात: अमेरिकी कंपन्यांच्या अहवालांत करार झालेल्या पण पुऱ्या न केलेल्या कामाची रक्कम, आणि गिऱ्हाइकांनी आगाऊ भरलेले पैसे. आगाऊ पैसे मला जास्त आवडतात. तोंडी ऑर्डर पुढे ढकलता येते. भरलेला पैसा माणूस सहसा सोडत नाही.

जपानकडे दोन चांगल्या खिडक्या आहेत. एसईएजे ही संघटना जपानी यंत्रांचं मासिक बिलिंग देते. आणि वेफर कापण्या-घासण्याची यंत्रं बनवणारी डिस्को तिमाही संपल्यावर लगेच प्राथमिक आकडे टाकते. जोडणी-तपासणीची यंत्रं लवकर बनतात, म्हणून त्यांच्या ऑर्डरी बरेचदा आधी हलतात.

## पायरी ८: यंत्र ठेवायला जागा आहे का?

ही पायरी लोक विसरतात. पैसा आहे, मागणी आहे, पण क्लीनरूम (चिप बनवायचं धूळमुक्त दालन) तयार नसेल तर यंत्र उतरवणार कुठे? इमारत उभी करायला दोनेक वर्षं जातात. मंदीत शहाण्या कंपन्या यंत्रं थांबवतात पण भिंती-छपराचं काम चालू ठेवतात. इंटेलने २०२२ मध्ये हे धोरण म्हणूनच जाहीर केलं होतं. रिकामी कवचं तयार असतील तर वळण आल्यावर ऑर्डरी धडाधड सुटतात. नसतील तर भाव चढूनही यंत्रवाल्यांचा रकाना काही तिमाह्या ढिम्म राहतो. निकालानंतरच्या प्रश्नोत्तरांत 'क्लीनरूम' हा शब्द शोधा.

## पायरी ९: महिन्याचं वेळापत्रक

१ तारखेला कोरियाची आदल्या पूर्ण महिन्याची निर्यात, ११ ला चालू महिन्याचे पहिले दहा दिवस, २१ ला पहिले वीस. कामाचे दिवस कमीजास्त असतात, म्हणून रोजच्या सरासरीवर बघा. १० च्या आसपास टीएसएमसीची मासिक विक्री. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एसआयएचे आकडे, पण दोन महिने शिळे. मायक्रॉनचं आर्थिक वर्ष ऑगस्टअखेर संपत असल्याने तिचे निकाल सप्टेंबर, डिसेंबर, मार्च आणि जूनच्या उत्तरार्धात, इतरांच्या काही आठवडे आधी येतात. मेमरीबद्दल पहिली कुणकूण तिथूनच.

## पायरी १०: खूणगाठ आणि नोंद

माझ्या पाच खुणा: साठ्याचे दिवस सलग दोन तिमाही खाली, स्पॉट करारभावाच्या वर, अडून बसलेल्याने उत्पादन कापलेलं, किमान एका मोठ्या गिऱ्हाइकाने चालू वर्षाचा भांडवली खर्च वर हलवलेला, चीन वगळून चार तिमाह्यांच्या ऑर्डर घटायच्या थांबलेल्या. तीन जुळल्या की मी वळण 'शक्य' लिहितो, चार जुळल्या की 'येतंय'. पाचवीची वाट बघत बसलं तर बातमी शिळी होते. आणि सेमीसारख्यांच्या अंदाजातला आकडा वापरायचा नाही, तो मागच्या वेळेपेक्षा वर गेला की खाली एवढंच टिपायचं. २०२३ मध्ये ८७ वरून १०० वर झालेली उडीच खरी माहिती होती.

नोंद करताना तारीख, जुळलेल्या खुणा, अपेक्षित वळण आणि कशाने चुकीचं ठरेल, हे चारही लिहा. माझी २०२३ च्या शेवटची नोंद या पद्धतीने पुन्हा लिहिली तर अशी होते: 'डीरॅम: शेवटचा अडून बसलेला वाकला, करारभाव वळला, कोरियाची निर्यात वर. नँड: अजून नाही. चीन: वेगळा रकाना, निर्बंधांपूर्वीची घाई, तेजी मानायची नाही. फाउंड्री: खर्च सपाट. अंदाज: डीरॅमच्या ऑर्डरी २०२४ मध्ये, त्यांतही पहिल्या एचबीएमच्या. नँड मागाहून. डीरॅमच्या साठ्याचे दिवस दोन तिमाह्यांत पुन्हा चढले, तर ही ओळ खोडायची.'